सातवा रकाना

५ सप्टेंबर, मंगळवार

वस्तू जपली म्हणजे माणूस जपला जातो का? मुलाखतीत मला हा प्रश्न विचारला होता आणि मला उत्तर देता आलं नव्हतं. खरं तेच सांगून टाकलं, की माहीत नाही, काम करता करता कळलं तर कळेल. समोरचे तिघं एकमेकांकडे बघून हसले. मला वाटलं, झालं, गेली नोकरी. पण आज संग्रहालयाच्या प्रमुखांनी, ज्यांना इथे सगळे मोठ्या बाई म्हणतात, सांगितलं की बाकीच्या अकरा जणांनी ठणकावून ‘हो’ म्हटलं होतं, म्हणूनच तुला घेतलं.

तर आजपासून मी या गावच्या वस्तुसंग्रहालयाची आणि चित्रदालनाची नोंदणी सहायक. तळमजल्यावर वस्तू: कुलपं, तराजू, दौती, पाळणे, जुनी टंकलेखन यंत्रं. वरच्या मजल्यावर चित्रं, त्यांत सत्तावीस तर नुसते माजी नगराध्यक्ष. तसबिरी पुसणाऱ्या शिपाईमावशी म्हणाल्या, सगळ्यांच्या मिशा सारख्याच, मी रोज एका टोकाकडून सगळ्यांची दाढी करत जाते, एकजण कुरकुरत नाही. दाराशीच माझी फजिती झाली. तिथे जुन्या गणवेशातला पोलिसाचा पुतळा उभा आहे. त्यालाच मी ‘कार्यालय कुठे आहे हो?’ विचारलं, आणि उत्तर येईना म्हणून पुन्हा जरा मोठ्याने विचारलं. मावशी खांबाला धरून हसत होत्या.

ही रोजनिशीसुद्धा संग्रहालयाच्याच कोऱ्या रजिस्टरात लिहितेय. एकाच छपाईची जाड पुठ्ठ्याची बारा रजिस्टरं कपाटात पडून होती. मावशींनी एक माझ्या हातात ठेवलं, म्हणाल्या, वाळवीने खाण्यापेक्षा तुम्ही भरा. छापील रकाने आहेत, त्यांच्यावरून आडवं लिहीत सुटलेय.

संध्याकाळी आईचा फोन. जेवलीस का, खोलीचं दार नीट लागतं का, आणि शेवटी नेहमीचं, ‘तुझ्या दादाने हे बघायला हवं होतं गं.’ आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. दादाने नववीत शाळा सोडून पाट्या रंगवायचा ब्रश धरला, म्हणून पोचले. दोन वर्षांपूर्वी एका शाळेचं नाव रंगवताना शिडी सरकली. आता घरात आम्ही दोघीच, पण त्याच्याबद्दल बोलायला लागलो की तिघं होतो.

६ सप्टेंबर, बुधवार

दोन दिवस जुनी रजिस्टरं वाचतेय. माझ्या आधी अडतीस वर्षं हे काम एकाच माणसाने केलं. त्यांना नोंदकाका म्हणतात, याच गावात राहतात. अक्षर मोत्यासारखं, पण मजकूर? ‘पाळणा, लाकडी, एक. एक कडी नाही. स्थिती: बरी.’ ‘वाटी, पितळी, एक. कडेला पोचा.’ पाळण्यात कोण झोपलं, वाटी कुणाच्या हातून पडली, एक अक्षर नाही. रजिस्टरात सात रकाने आहेत. सहा छापील मथळ्यांचे, सातवा बिनमथळ्याचा. तो अडतीस वर्षं कोरा.

एकच अपवाद सापडला. तिसरं रजिस्टर, पान एकशे बारा. ‘चष्म्याचं घर, कातडी, एक’ आणि पुढे सातवा रकाना भरून, समासातून वळून, पानाच्या पाठीवरही मजकूर. एका बाईबद्दल. चष्मा डोक्यावर चढवून तो घरभर शोधणारी, वाचताना ओठ हलवणारी, भांडण झालं की नवऱ्याच्या छत्रीशी बोलणारी. वाचून मला रडू आलं. मग बाकीच्या हजारो नोंदींना काय धाड भरली होती?

प्रत्येक रजिस्टराच्या पहिल्या पानावर त्यांनी लाल शाईत लिहून ठेवलंय: ‘वस्तूचे वर्णन करावे. जीव ओतू नये. पान फाडू नये.’ मधल्या वाक्याचा मला राग आला. कॉलेजात सर माझी वही उंच धरून सगळ्यांना दाखवायचे, बघा, ही मुलगी जीव ओतून लिहिते.

मोठ्या बाईंपुढे माझी कल्पना मांडली. गावातल्या साध्या माणसांच्या वस्तू मागवायच्या आणि सातव्या रकान्याला मथळा द्यायचा, ‘आठवण’. बाईंनी क्षणभर विचार केला आणि कोपऱ्यातलं रिकामं दालन मला देऊन टाकलं.

१२ सप्टेंबर, मंगळवार

पहिली वस्तू आली! गावातले म्हातारे घड्याळजी स्वतः घेऊन आले. टेबलावरचं घड्याळ, चार वाजून वीस मिनिटांवर बंद. गावभराची घड्याळं या माणसाने चालती केली, घरातलं हे एक सोडून. लोक म्हणायचे, दिव्याखाली अंधार. पण ते मुद्दामच तसं ठेवलं होतं. बायको ते पुसत होती, यांनी काहीतरी विनोद केला, ती इतकी हसली की हातातलं घड्याळ सुटलं, आणि ते पडलं म्हणून अजून हसत ती तिथेच फरशीवर बसली. पुढच्या वर्षी ती गेली. ‘चालू केलं असतं तर चार वीस होऊन गेले असते ना,’ म्हणाले.

दीड तास बोलत होते. मी दीड पान लिहिलं. तिच्या हसण्यातला तो शेवटचा उचकीसारखा आवाजसुद्धा शब्दांत पकडायचा प्रयत्न केला. वाचून दाखवलं, तर ते मान डोलवत राहिले. जाताना दारात थबकले आणि म्हणाले, ‘हलकं हलकं वाटतंय पोरी.’

यापेक्षा मोठी पावती कोणती?

२० सप्टेंबर, बुधवार

एकोणीस नोंदी झाल्या. पोस्टमनच्या बायकोने नवऱ्याची सायकलची घंटा दिली. तो गल्लीच्या तोंडाशी दोनदा वाजवायचा, एकदा पत्रासाठी, एकदा तिच्यासाठी. दालन भरत चाललंय आणि माणसंही येतायत. विद्यमान नगराध्यक्ष काल येऊन म्हणाले, इतकी वर्दळ या इमारतीने बघितली नव्हती. गंमत म्हणजे तीच तीच माणसं परत येतात. घड्याळजी गेल्या आठ दिवसांत सहा वेळा आले. मावशींनी त्यांच्यासाठी स्टूलच मांडून ठेवलंय. तासभर घड्याळाकडे बघत बसतात, डोळे पुसतात, निघून जातात. पोस्टमनची बायकोही तशीच. आपल्या माणसाला भेटायची एक जागा झाली त्यांना. मी हे करू शकले.

मावशी आज म्हणाल्या, ‘काय हो ताई, पोलिसाने सांगितलं का शेवटी कार्यालय कुठे ते?’ मी हसले, पण त्या कशाबद्दल बोलतायत ते मला कळेना. मग त्यांनीच सगळा किस्सा सांगितला. असेल. कामाच्या धांदलीत विसरले असेन.

दुपारी नोंदकाका आले. काठीसारखे सडसडीत, हातात कापडी पिशवी. प्रत्येक कपाटापुढे उभं राहून पाट्या वाचल्या. स्टुलावरच्या घड्याळजींकडे बराच वेळ बघितलं. मग मला बाजूला बोलावून म्हणाले, बाळ, हे आवर. मोजमाप लिही आणि मोकळी हो. मी नम्रपणेच म्हटलं की काका, माणसांशिवाय वस्तूंना काय अर्थ? ते म्हणाले, ‘बरं. पण घरचं काही आणू नकोस इथे.’

मनात आलं, अडतीस वर्षं जे जमलं नाही ते दुसऱ्याने केलेलं बघवत नाही. वाईट वाटलं असं वाटल्याचं. पण वाटलं.

२६ सप्टेंबर, मंगळवार

काल संग्रहालयाला सुट्टी होती. मी एकटीच दालनात बसले आणि नोंद क्रमांक एकतीस केली. ब्रश तीन, हात टेकायची काठी एक. देणारे: मी आणि आई.

काकांनी नको म्हटलं म्हणून मुद्दाम नाही केलं. दादासारख्याचं नाव संग्रहालयात कधी लागायचं? आयुष्यभर त्याने दुसऱ्यांची नावं रंगवली. आईला फोन लावून ठेवला. ती काजं-बटणं करता करता सांगत होती आणि मी लिहीत होते. जन्मला तेव्हा रडलाच नाही, सगळ्यांकडे बघत बसला. खडूची दोरी भिंतीवर ताणून टण्णकन सोडायची आणि सरळ रेघ उमटली की प्रत्येक वेळी नवल वाटल्यासारखं हसायचं. संध्याकाळी साडेसहाला कामावरून आला की कानामागे खोचलेला ब्रश विसरून जेवायला बसायचं. मग मी माझं सांगितलं. शाळा सुटली तरी ऱ्हस्व-दीर्घाची त्याला फार भीती. प्रत्येक पाटीआधी माझ्याकडे यायचा, ‘सांग गं पंडित, वेलांटी कुठली?’ आमच्या गावातल्या निम्म्या पाट्या बरोबर आहेत त्या माझ्या भरवशावर. तू शिक, मी रंगवतो, म्हणायचा. मी पहिल्या वर्गात पास झाले त्या दिवशी पत्र्यावर माझं नाव रंगवलं आणि पुढे पदवी लिहिताना टिंब इतकं जपून दिलं की दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाही.

चार पानं झाली. मध्येच आई म्हणाली, ‘किती दिवसांनी एवढं बोलले गं, छाती मोकळी झाली.’ मी वाचून दाखवलं. आम्ही दोघी रडलो, हसलो, पुन्हा रडलो. इतकं चांगलं मी कधीच लिहिलं नव्हतं.

एकच गोष्ट नाही लिहिली. ती कुणालाच सांगितलेली नाही.

२८ सप्टेंबर, गुरुवार

एकतिसाव्या नोंदीची पाटी मोठ्या बाईंना फार आवडली, म्हणून मीही जाऊन वाचली. कुणा पेंटरचे तीन ब्रश आणि काठी. बहिणीला ऱ्हस्व-दीर्घ विचारत फिरणारा गुणी मुलगा. पुन्हा पहिल्यापासून वाचली. अक्षर माझंच, आणि स्वतःचं असूनही म्हणते, सुंदर लिहिलंय.

देणाऱ्याच्या रकान्यात मात्र माझं आणि आईचं नाव पडलंय. घाईत चूक झाली असणार. रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. बाईंना विचारून दुरुस्ती करायला हवी.

३ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी आईचा फोन. तिच्या डोळ्यांतून सारखं पाणी येतंय, विशेषतः संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणाली. त्या वेळेला दाराशी जाऊन उभी राहते आणि कशाला आले तेच आठवत नाही. भात तिघांचा लागतो, रोज उरतो. हसत होती स्वतःलाच. मग म्हणाली, ‘आपल्या भिंतीवर त्या तरुण पोराचा फोटो तू लावलास का गं? चौकटीबरोबर दुकानातून आला असेल म्हणून काढून ठेवला. मग भिंत इतकी ओकीबोकी दिसायला लागली की परत लावला.’

मी म्हटलं, काढून टाक.

दुपारी घड्याळजी स्टुलावरून उठून माझ्याकडे आले. हे घड्याळ कुणाचं, विचारलं. मला वाटलं थट्टा करतायत. मी पाटीवरचं त्यांचं नाव दाखवलं. ते वाकून वाचत राहिले. म्हणाले, ‘नाव तर माझंच दिसतंय. मग मी दुरुस्त कसं नाही केलं? काढा बघू बाहेर, पाच मिनिटांचं काम आहे.’ आणि खिशातून बारीक पेचकस काढला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांना त्याचं भानच नव्हतं. मी विचारलं, काका, रडताय का? ते म्हणाले, ‘मी कशाला रडू?’

संध्याकाळी पोस्टमनच्या बायकोला सहज विचारलं, घंटा दोनदा का वाजायची? ती म्हणाली, कुठली घंटा?

खोलीवर येऊन ही रोजनिशी पहिल्यापासून वाचली. पहिल्याच पानावर दादा. सव्वीस तारखेला पानभर दादा. माझ्याच अक्षरात.

मला भाऊ नाही.

मला भाऊ आहे का?

५ ऑक्टोबर, गुरुवार

नोंदकाकांकडे गेले होते. दोन खोल्या, लखलखीत स्वच्छ. भिंतीवर एका बाईंचा फोटो होता. मी विचारलं, या काकू का? ते म्हणाले, ‘स्त्री, मध्यम बांधा, एक.’ मला हसू आलं आणि मग त्यांचा चेहरा बघून थांबलं. त्यांनी डोळे मिटले आणि पाढे म्हणावेत तसं म्हणायला लागले: चष्मा डोक्यावर चढवून तो घरभर शोधत असे, वाचताना ओठ हलवीत असे, भांडण झाले की नवऱ्याच्या छत्रीशी बोलत असे. पान एकशे बारा. अथपासून इतिपर्यंत.

‘पाठ आहे,’ म्हणाले. ‘आठवत नाही. रोज म्हणतो, न जाणो पाठही जाईल.’

ती गेली त्या महिन्यात तिचं चष्म्याचं घर त्यांनी संग्रहालयाला दिलं आणि रात्रंदिवस तिच्याबद्दल लिहून काढलं. लिहून झालं आणि दुसऱ्या दिवशी घरात शिरले, तर फोटोतली बाई अनोळखी. दुःख मात्र होतं तिथेच होतं. ते नाही उतरत कागदावर. नुसतं राहतं, बिननावाचं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत नुसती मोजमापं लिहिली, लोक कोरडा म्हणाले, म्हणू दिलं.

मी ओरडलेच त्यांच्यावर. मला नीट सांगितलं का नाही? ते म्हणाले, ‘लाल शाईत सांगितलं होतं बाळ. जीव ओतू नये. ओतलं की भांडं रिकामं होतं. याहून सरळ कसं सांगू? आणि तू ऐकलं असतंस? पदवीधर तू.’

परत येतं का ते? नाही. उलट ओतायची सोय नाही. बोलून संपत नाही, असं म्हणाले, लिहूनच संपतं. तेही याच कागदावर.

तेव्हा त्यांचं लक्ष माझ्या मांडीवर गेलं. दादाची पानं दाखवायला मी ही रोजनिशी बरोबर नेली होती. त्यांनी पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं, पान उघडलं, सात रकाने बघितले आणि हात भाजल्यासारखा मागे घेतला. विचारलं, ‘यात काय काय लिहिलंस?’

६ ऑक्टोबर, शुक्रवार

एकेक पान ताडून बघितलं. पुतळा — नाही आठवत. मुलाखत — नाही. मोठ्या बाईंनी दालन दिलं तो दिवस — नाही. सर वही उंच धरायचे, असं लिहिलंय. कोण सर? वाचते तेव्हा कुणा दुसऱ्याच मुलीचं वाटतं. आनंदी होती ती.

कालचंसुद्धा वाचूनच कळलं.

लिहिणं थांबवावं तर उद्या मला हेही ठाऊक नसेल की एक दादा होता. लिहावं तर —

यापुढे काकांसारखं लिहायचं. मोजमाप.

९ ऑक्टोबर, सोमवार

सुट्टी. दालनात एकटी. ब्लेड एक.

एकतीस नोंदींची पानं रजिस्टरातून कापली. पानांना छापील आकडे आहेत, लपणार नाही. लपवायचंही नाही. ज्याचं त्याच्या घरी जाईल.

वस्तूही परत.

१० ऑक्टोबर, मंगळवार

सगळी घरं झाली. घड्याळजींनी दारातच उभ्याने वाचलं. म्हणाले, छान लिहिलंय. बाई फार हसऱ्या होत्या वाटतं. मी म्हटलं, तुमच्या होत्या. ते म्हणाले, असं? आणि पान घडी घालून वरच्या खिशात ठेवलं. खिशावर हात ठेवून उभे राहिले.

पोस्टमनच्या बायकोने नुसतं दार लावून घेतलं. आतून घंटा वाजली. एकदा.

मोठ्या बाईंना स्वतः जाऊन सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, पान फाडलंस? उद्यापासून येऊ नकोस म्हणाल्या. खरं कारण सांगितलं, तर माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मावशींनी गेटपर्यंत पिशवी आणली. कशावर तरी थट्टा केली माझी. मी हसले. लिहीत नाही कशावर ते.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

घरी. आई. डोळे सुजलेले.

चार पानं वाचून दाखवली. हातातलं काम खाली ठेवून ऐकलं. खडूच्या दोरीपाशी हसली. शिडीपाशी पदर तोंडाला लावला. सगळं ऐकून म्हणाली,

‘गुणी होता हो पोरगा. कुणाचा गं?’

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

पुन्हा वाचलं. पुन्हा तेच विचारलं.

फोटोकडे बोट दाखवलं. मान हलवली. तिला मला दुखवायचं नव्हतं म्हणून ‘असेल’ म्हणाली. मीही फोटोकडेच बघत होते. मलाही तो —

साडेसहा. दाराशी गेली. उभी राहिली.

१४ ऑक्टोबर, शनिवार

एक चेहरा आहे माझ्याकडे. फोटोतला नाही. हलणारा, उन्हाने डोळे बारीक केलेला. शिडीवरून वाकलेला. मला हाक मारणारा.

तो का राहिला ते आज उमगलं. ती एकच गोष्ट मी लिहिली नव्हती. शरम वाटली म्हणून.

चांगलं होतं ते सगळं ओतलं. हे तेवढं लपवलं.

ओतायचं नाही. मोजमाप फक्त. पाटी, पत्र्याची, एक. माझ्या कॉलेजच्या दारावर. निळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं. ‘महाविद्यालय’ मधला ‘वि’ दीर्घ, चुकीचा. त्याने वरून मला विचारलं होतं. माझ्याबरोबर मैत्रिणी होत्या. मी ओळख दिली नाही.

पाटी अजून तशीच आहे.

पानभर लिहिलं तर ही शरम जाईल. उद्या सकाळी उठेन आणि काहीच टोचणार नाही. इतकं सोपं आहे. पेन टेकवलं की —

तोही जाईल.

१५ ऑक्टोबर, रविवार

नाही लिहिलं.

काल संध्याकाळी आईला तोंडी सांगितलं. वाचून नाही, कागद हातात न धरता. तिच्या समोर बसून, सगळं. तो काय म्हणाला, मी कुठे बघितलं, घरी आल्यावर तो काय बोलला नाही. साडेसहा वाजले होते. ती दाराशी गेली नाही.

ती मला रागावली. लहानपणापासून कधी रागावली नव्हती इतकी. तो उन्हात वर, आणि तू खाली मान घालून गेलीस? पोराला काय वाटलं असेल?

पोराला म्हणाली. कुणाचा, असं विचारलं नाही. पुन्हा सांग म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. आज सकाळीही सांगितलं. रोज सांगणार आहे, ओतणार नाही. हे रजिस्टर आता बंद. बाजूला आई उभी आहे, काय लिहितेस विचारतेय, काहीतरी आठवल्यासारखं तिने आत्ता माझ्या कानामागे हात नेला आणि